आईसाठी घेतलेला माइक

माइक घ्यायचं मनात आलं तेव्हा मला वाटलं होतं, माइक म्हणजे माइक. सभेत असतो तसा, काळा, जाळीचा. आधी त्यावर दोनदा टिचकी मारायची, मग 'हॅलो हॅलो' म्हणायचं आणि सुरू करायचं. मोबाइलवर शोधायला बसलो आणि डोक्याचा पार भुगा झाला. कंडेन्सर वेगळा, डायनॅमिक वेगळा. एक थेट लॅपटॉपला लागणारा, दुसरा मध्ये इंटरफेस नावाची डबी मागणारा. एक पोरगा ठासून सांगत होता की नवशिक्याने कंडेन्सरच घ्यावा. दुसरा तितक्याच ठसक्यात सांगत होता की नवशिक्याने कंडेन्सरला हातसुद्धा लावू नये. दोघांच्याही मागे भिंतीवर काळा फोम होता आणि जांभळे दिवे होते. माझ्यामागे पत्र्याची खोली होती आणि खुंटीला अडकवलेली ज्वारीची चाळणी.

मला स्वतःला गायचं नव्हतं. माझा आवाज कसा आहे हे मला ठाऊक आहे आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो पुन्हा मागितलेला नाही. मी तेलगावला कॉम्प्युटरचे क्लास घेतो, घर तिथून जवळच्या गावात. मला फक्त आईचा आवाज हवा होता. तो कुठेतरी ठेवायचा होता, नीट, स्वच्छ, मला हवा तेव्हा ऐकता येईल असा.

ह्याचं कारण जुनं आहे. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायची. शाळेत घालायच्या आधी मीही जायचो. उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, आत चूल, आणि पहाटे सगळे फडात गेले की बांधावर पोतं टाकून मला निजवलेलं असायचं. त्या बांधावरचं मला फार काही आठवत नाही. थंडी आठवते, पाचटाचा वास आठवतो, आणि आईचं गाणं आठवतं. उसातून ते यायचं. आई दिसायची नाही, पण गाणं चालू आहे म्हणजे आई आहे एवढं मला कळायचं. माझ्या आठवणीत ते गाणं सलग होतं. सकाळी सुरू व्हायचं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत न थांबता.

मग शाळा आली आणि मला हंगामी वसतिगृहात ठेवलं. तिथे वाईट काही नव्हतं. जेवण मिळायचं, गुरुजी चांगले होते. पण तिथे गेल्यावर काही दिवसांनी आईचा चेहरा धूसर व्हायचा. आवाज मात्र व्हायचा नाही. तो यायचा आणि मी उशीत तोंड खुपसायचो. तेव्हा गावात एखाद्याकडेच फोन असायचा, त्यावर आईशी बोलणं व्हायचं ते 'जेवला का, शाळंत जातो का' एवढंच. फोनवर कोण गाणार?

आता सगळं उलटं झालंय. आईचे गुडघे गेले तशी ती तोडीला जायची थांबली. आता ती बाराही महिने घरी असते, आणि गात मात्र नाही. चुलतीही तिच्याच टोळीत होती, दोघी जावा लग्न झाल्यापासून एकत्र जायच्या. आई थांबली तरी चुलती दुसऱ्या बाईच्या जोडीनं जात राहिली. दोन हंगामांपूर्वी तिकडेच ताप आला आणि चुलती तिकडेच गेली. आणलं तेव्हा आईला फक्त तोंड बघायला मिळालं. त्यानंतर आईनं भाकरी थापताना ओठ हलवलेलेसुद्धा मी पाहिले नाहीत. मला वाटलं, वय झालं. आवाज असाच कधीतरी कायमचा जाईल आणि आपण हात चोळत बसू. म्हणून माइकची घाई.

लग्नाला साउंड लावणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे गेलो. तो ट्रॉलीवर बसून एका भोंग्याचं पोट उघडत होता.

"कोण गाणार हाय?" त्यानं विचारलं.

"आई."

"अन् वाजवायला?"

"कोणी नाही. नुसती आई."

"मग लेका, एका माइकची डबी घे. दोन माइकची डबी घिऊन काय करतो? मंडळ काढायचंय का तुला?"

मला ते पटलं. एकच माइक लागेल अशी डबी घेतली. पण माइकच्या बाबतीत त्याचं ऐकलं नाही, कारण जांभळ्या दिव्यांचा असर अजून उतरला नव्हता. कंडेन्सर मागवला. खोक्यातून निघाला तेव्हा इतका देखणा होता की वडिलांनी त्याला हात लावायच्या आधी हात धुतले.

तो माइक चांगला होता, हाच त्याचा दोष. त्याला सगळं ऐकू यायचं. मी हेडफोन लावून पहिल्यांदा बसलो आणि आपण कुठं राहतो हे मला नव्यानं कळलं. पत्रा तापताना टकटक वाजतो. शेजारच्या मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरतात. पिठाची गिरणी, बोअरची मोटर, लांबून जाणारा ट्रॅक्टर आणि त्यावरचं गाणं, आणि आमची शेळी, जी एरवी मुकी वाटते पण माइकपुढे लाल दिवा लागला की बोलायला लागते. त्या गदारोळात कुठेतरी मी 'एक दोन तीन' म्हणत होतो.

मित्राला ऐकवलं. तो हसून हसून बेजार.

"आरं, हा माइक फोमच्या खोलीत नांदणारा हाय. तुज्या घरी ह्याचा जीव घाबरा व्हईल. हा घे," म्हणून त्यानं त्याच्याकडचा जुना जाड डायनॅमिक माइक दिला. एका कडेला पोचा आला होता. "हा आईच्या तोंडाजवळ धर, चार बोटं सोडून. ह्याला लांबचं ऐकू येत न्हाई. म्हातारा हाय."

माझा देखणा माइक त्यानं बदल्यात ठेवून घेतला. ह्या अदलाबदलीत कोणाचा फायदा झाला ते मी अजून विचारलेलं नाही.

बाकीचं मी जमवलं. फोमच्या जागी वाकळा लावल्या. आमच्याकडे वाकळांची ददात नाही. तिन्ही भिंतींना टांगल्या, दाराला एक जाड सोडली, आणि खोली एकदम गप्प झाली. आत टाळी वाजवली तरी तिथल्या तिथे मरायची. 'प' आणि 'भ' म्हणताना माइकवर वारा बसतो, त्यासाठी जाळी लागते. ती भरतकामाच्या रिंगमध्ये ओढणीचा तुकडा ताणून केली. हेडफोन मात्र नीट पाहून घेतले, कान पूर्ण झाकणारे, म्हणजे आतलं बाहेर येत नाही आणि बाहेरचं आत जात नाही. आणि सगळ्यात मोठी सोय वीज कंपनीनं केली. दुपारी लाइट गेली की गिरणी, मोटर, मिक्सर, सगळं एका दमात बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. लोक लाइट गेल्यावर शिव्या देत बाहेर यायचे आणि मी आनंदानं आत पळायचो. वडील शेळीला घेऊन ओढ्याकडे जायचे. ते त्यांचं काम त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं होतं आणि त्याबद्दल ते रोज कुरकुर करायचे.

आईला बसवलं तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

"शूटिंग न्हाई ना हे? तोंड दिसत न्हाई ना?"

"नाही. फक्त आवाज."

"मग कावून सांगितलं न्हाई? उगं नेसले."

तरीही ती ते लुगडं बदलून आली नाही. पहिल्या दिवशी तिनं आरती म्हटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरती, दुसऱ्या देवाची. आवाज एकदम शाळेत पाहुणे आल्यावर निघतो तसा. मी म्हटलं, "फडातलं म्हण ना, मोळ्या वाहताना म्हणायचीस ते." ती माइककडे बघत बसली. म्हणाली, "ते काय इथं बसून म्हणायचं असतंय का?" मी हट्ट धरला. मला तेच हवं होतं. आरत्या मला कुठेही मिळाल्या असत्या.

अखेर एका दुपारी तिनं म्हटलं. मान खाली घालून, हळू, जसं काही चुलीशी बोलतेय.

फडाच्या बांधाला गं, लेकरू निजलं...

हाच आवाज होता. खरखर आली होती, मधे दम कमी पडत होता, पण हाच. आणि ते बांधावरचं लेकरू मीच, ह्यात मला शंका नव्हती. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले.

आणि आई थांबली.

मला वाटलं, विसरली. मी खूण केली, पुढे म्हण. तिनं पाहिलंच नाही. ती ताठ बसली होती, मान सरळ, एक हात कानाजवळ अर्धवट उचललेला. मला वाटलं, कोणीतरी फोटो काढतंय असं तिला वाटतंय की काय. बराच वेळ ती तशीच होती. मग हात खाली आला, खांदे सैल झाले, आणि तिनं दुसरी ओळ म्हटली. वेगळीच, वैरणीची काहीतरी. पुन्हा थांबली. पुन्हा मान ताठ, पुन्हा हात वर. असं करत करत तिनं ओळींमागून ओळी म्हटल्या, आणि प्रत्येक ओळीनंतर तेवढीच शांतता. एकही ओवी पुरी झाली नाही. सगळ्या अर्ध्या.

मला वाईट वाटलं. आपण उशीर केला, आई दुसरी ओळ विसरली, पण आपल्याला कळू नये म्हणून वेळ काढतेय, असं मी स्वतःला समजावलं. विचारायची हिंमत झाली नाही. तिला लाज वाटेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आवाज मिळाला होता.

पुढचे काही दिवस क्लास सुटला की मी तेच करत बसायचो. लॅपटॉपवर आवाज म्हणजे एक निळी रेघ दिसते, जिथे आवाज तिथे ती फुगते, जिथे शांतता तिथे सरळ जाते. मी सगळ्या सरळ रेघा कापल्या. फुगवटे एकमेकांना चिकटवले. खोलीतला उरलासुरला सूं आवाज काढला. थोडा घुमारा घातला, मित्र म्हणाला तेवढाच. सगळं जुळलं तेव्हा गाणं झालं, सलग, न थांबता, माझ्या आठवणीत होतं तसंच. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटलं. मी खूश होतो, अगदी लहान पोरासारखा खूश.

आईला ऐकवायला बसवलं. दुपारचीच वेळ, लाइट गेलेली. डोक्यावरच्या पदरावरूनच मी तिला हेडफोन घातले. ती ऐकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता हसेल, आता डोळे पुसेल. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कोण हाय?"

"तूच की."

"मी न्हाई. मी आशी पळत न्हाई म्हणत. हिला दम तरी घिऊ दे की."

मी हसत म्हटलं, "मधे तू फार थांबत होतीस. मोकळी जागा होती, ती काढून टाकली."

तिनं हेडफोन काढले. माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. रागानं नाही. मी लहानपणी काहीतरी हरवून यायचो तेव्हा बघायची तसं.

"मोकळी कुठं व्हती? तिथं धाकली व्हती."

धाकली म्हणजे चुलती. आई तिला कधी नावानं हाक मारायची नाही. मला काहीच कळेना. आईनं मग सांगितलं, हातांनी दाखवत. उसाची गाडी भरायला तिला फळी लावलेली असते. मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढायचं, वर टाकायची, मोकळं उतरायचं.

"डोक्यावर मोळी आसली की तोंडातून शब्द फुटत न्हाई, बाबा. सगळा दम मानंत आसतो. मी मोकळी उतरायची तवा ती मोळी घिऊन चढायची. मोकळी आसंल तिनं म्हणायचं. मी एक ओळ टाकायची अन् मोळी उचलायची. मी वर चढूस्तवर ती खालून दुसरी ओळ म्हणायची. मला म्हणायला कुणी सांगितलंय? मला नुसतं चढायचं आसायचं. तिचं ऐकत ऐकत चढलं की मोळी जड लागत न्हाई."

"म्हणजे दुसरी ओळ तुला येत नव्हती?"

"येत न्हाई कशी? ती तिची व्हती."

म्हणजे त्या रेकॉर्डिंगच्या दुपारी ती खोलीत बसली होती, लुगड्याच्या घडीवर हात ठेवून, आणि मान ताठ करून प्रत्येक ओळीनंतर फळी चढत होती. डोक्यावरची मोळी सावरायला हात वर जात होता. आणि खालून कोणीतरी म्हणेल म्हणून थांबत होती. तिनं ती जागा जावेसाठी राखली होती, आणि मी तिथल्या तिथे कात्री लावून फेकून दिली होती. मला स्वतःचा इतका राग आला की लॅपटॉप बंद करून बाहेर जावंसं वाटलं. पण ती माझ्याकडे बघत होती.

"ते पहिलं हाय का, का टाकून दिलं?"

होतं. मूळचं मी पुसलं नव्हतं. पुसलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार मी अजूनही करत नाही.

"लाव मग," ती म्हणाली. "मला ऐकू दे. तू नको ऐकू, मला दे ते कानाचं."

हेडफोन एकच होता. मी तो तिला घातला आणि मूळची फाइल लावली. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त निळी रेघ सरकताना दिसत होती. ती फुगली. आई स्वतःची ओळ ऐकत होती, ओठ मिटलेले. मग रेघ सरळ झाली. शांतता सुरू झाली.

आणि आई गायला लागली.

मोठ्यानं. कान बंद असलेला माणूस आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही म्हणून बोलतो, तसं. डोळे मिटून, हनुवटी वर करून. हा तिचा आवाज नव्हता. बारीक, वर चढवलेला, शेवटचं अक्षर लांब ओढणारा. तो ऐकला आणि आत काहीतरी हललं, पण नेमकं काय ते मला पकडता येईना.

धाकल्या आईनं गं, ऊन पदरानं झाकलं...

रेघ पुन्हा फुगली. ती थांबली. स्वतःची ओळ ऐकून घेतली. रेघ सरळ झाली की पुन्हा म्हणाली. वैरणीच्या ओळीला जोड मिळाली, विहिरीच्या ओळीला मिळाली, माहेरच्या ओळीला मिळाली. एकामागून एक ओव्या पुऱ्या होत गेल्या. माइक बाजूला पडला होता, त्याची वायर काढलेली होती. ती जोडायला उठलो असतो तर तिनं डोळे उघडले असते. मी हललो नाही. बांधावर पोत्यावर मी झोपलेला असताना माझ्यावर ऊन येऊ नये म्हणून चुलतीनं पदर धरला होता, किंवा पाचटावर पसरला होता, किंवा नुसतं ओवीत म्हटलं होतं, ते मला माहीत नाही. मला ते कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि मी ती ओळ ह्या आधी कधी ऐकली नाही असं कसं म्हणू? मी ती रोज ऐकत होतो.

बाहेर लाइट आली. गिरणी सुरू झाली. आईला ते कळलं नाही. शेवटची ओवी म्हणून झाल्यावर हेडफोन काढून तिनं माझ्या हातात दिला. तिचा घसा बसला होता.

"तिचा लई वरचा व्हता," ती म्हणाली. "माझा तिथवर जात न्हाई. तुला आठवतो ना तिचा आवाज?"

मी हो म्हणालो. वसतिगृहात ज्या आवाजासाठी मी उशीत तोंड खुपसून रडायचो, त्यात आई किती होती आणि चुलती किती, हे मला सांगता आलं नसतं.